बंद डबा आणि मुंग्यांची रांग

बाबा, सावनेरच्या लेखिकेने आज माझं मुखपृष्ठ मान्य केलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मी नीट जेवले. त्यांची ही पहिलीच कादंबरी, स्वतःच्याच आयुष्यावरची. नवरा कोळसा खाणीत कामाला, रोज घरून त्याचा डबा जातो, आणि एके दिवशी तो भरलेलाच परत येतो. मी आधी खाण काढली, मग खाणीतला दिवा, मग उघडा डबा. एकही धड वाटेना. तेव्हा तुमची परीक्षा आठवली.

दिवसभर जरीपटक्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवून आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून मुखपृष्ठं काढायचात, आणि चित्र झालं की पुस्तकाचं नाव तळहाताने झाकून आईसमोर धरायचात. दोन भावांच्या वाटणीच्या गोष्टीसाठी तुम्ही मधोमध चिरलेलं घर काढलं होतं. पोळी लाटता लाटता आई म्हणाली, "भाऊ भाऊ वेगळे झाले." तुम्ही कागद फाडला. मी रडायलाच लागले, इतकं सुंदर चित्र! "सगळंच इथं समजलं, तर पुस्तक कोण वाचन वं?" तुम्ही माझ्यावरच डाफरलात. दुसऱ्या दिवशी कागदावर नुसतं एक अंगण आणि दोन झाडू. आई लाटणं थांबवून विचारते, "एका अंगणाले दोन झाडू कायले जी?" तुम्ही ब्रश धुवायला उठता. "झालं हिचं. आता वाचल्याबिगर चैन नाही पडणार."

मीही उघडा डबा आईला दाखवला. "खाणारा गेला," ती लगेच म्हणाली. मग मी चित्रातला डबा बंद केला, फडक्याची गाठ न सोडता खुंटीला टांगला, आणि भिंतीवरून त्याच्याकडे जाणारी मुंग्यांची रांग काढली. आईने कागद जवळ ओढला. "भरला डबा घरी काहून हाये वं?" परीक्षा पास झाले, तरी धीर होईना. कुणाच्या नवऱ्याच्या शेवटच्या डब्याला मुंग्या लावणारी मी कोण?

रामदासपेठेत प्रकाशकांच्या ऑफिसात लेखिकाबाईंनी चित्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. प्रकाशक घाईघाईने म्हणाले, "मुंग्या काढून टाकू, मॅडम." "राहू द्या जी," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "होत्या मुंग्या, पोरी. दोन दिवस कोणी त्या डब्याले हात नाही लावला. लाज वाटली म्हणून मी लिहिलं नाही. तुले कोणं सांगितलं?" मी म्हटलं, सुचलं.

सुचलं नव्हतं, बाबा. तुम्ही शिडीवरच कोसळलात आणि गेलात, त्या दिवशी कुणीतरी तुमची सायकल घरी आणून लावली. तिसऱ्या दिवशी हँडलला अडकवलेल्या भरल्या डब्यावर मला मुंग्या दिसल्या. मी तो घासून ठेवला आणि आईला सांगितलं, बाबा जेवले होते. तिला अजून तेच खरं वाटतं. आज तुम्हाला तरी सांगून टाकलं, फार हलकं वाटतंय. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, एवढंच अजून ठरत नाही.