एकमताने मंजूर

३ जून
लिहायला बसले, कारण बोलले असते तर तोंडातून शिव्याच आल्या असत्या. वहिनी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या पाठीच्या जखमा बांधायला रोज येणारी नर्स आजपासून बंद. नगरपालिकेच्या नव्या संगणकाने ठरवलं — आठवड्यातून एकदा, बुधवारी, पुरे. बघायला माणूस आला नाही. फोनवर एक ओळ आली.
वहिनी म्हणाली, "वन्सं, जखमेला सांगा, आता बुधवारीच दुखायचं."
मला हसू आलं नाही. पट्टी मीच बदलली. तिचं कण्हणं ऐकवेना.

४ जून
नगरपालिकेत गेले. कारकून म्हणे, "आम्हाला काय विचारता बाई? तुमच्याच सल्लागार समितीने एकमताने मंजूर केलंय."
एकमताने! समितीच्या मार्चच्या सभेत हा संगणकाचा विषय मीच अडवला होता. संगणक चुकला तर जबाबदार कोण? दाद कुठे मागायची? उत्तरं मिळेपर्यंत थांबायचं ठरलं. पुढची सभा झालीच नाही.

५ जून
समितीच्या अध्यक्षांच्या घरी. सोफ्यात रुतून चहात बिस्किट बुडवत होते. "मशीनला ना नातं ना गोतं. निवाडा अगदी निर्मळ."
"मग जाब कुणाला विचारायचा? भिंतीला?"
"तुम्ही फार मनाला लावून घेता. ठरावावर सगळ्यांच्या सह्या आहेत. तुमचीसुद्धा."
म्हणजे माझी खोटी सही ठोकली! किळस आली. पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठले.

६ जून
जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, रोज जाणत्या हातानेच बांधायला हवी. माझा हात जाणता नाही.

९ जून
ठरावाची प्रत मिळाली. सही खोटी नाही. माझीच आहे, सगळ्यांच्या वर.
सभा रेंगाळते, लोक मधेच उठून जातात, म्हणून आत शिरतानाच ठरावाच्या कोऱ्या पानावर सह्या उरकायच्या — ही शिस्त तीन वर्षांपूर्वी मीच लावली. कुणी कुरकुरलं तेव्हा मी झापलं होतं, "वेळेची किंमत आहे की नाही?" अध्यक्षांनी मार्चच्या पानावर सह्यांच्या वरची जागा भरली, इतकंच.

१० जून
तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे दिलं: अर्ज, ठरावाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, सह्यांच्या पद्धतीबद्दल माझा लेखी जबाब. 'तक्रार कुणाविरुद्ध' या रकान्यात सह्या करणाऱ्या पाचही जणांची नावं. पहिलं माझं. पोच घेतली.