उजव्या दाराचा स्पीकर

सृष्टी,

गाडीच्या डाव्या दाराचा स्पीकर बसवला. पॅनेल काढताना माझ्याही हातून दोन क्लिपा तुटल्या. काल तुझी एकच तुटली तर तुझा बाबा ओरडला, "आता गाडीला हात लावायचा नाही!" तेव्हापासून तू गाडीकडे फिरकली नाहीस. सकाळी त्याला माझ्या दोन्ही दाखवल्या. हसला, म्हणाला, "चालू द्या तुमचं." नव्या क्लिपा आणायला एसटीने राहात्याला जातेय.

उजवं दार तुझं. खरखरणारा जुना स्पीकर काढ. नव्याच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकव. स्पीकरचा पडदा बाहेर उचलला गेला, तर सेलची अधिक बाजू लागली तिथे लाल खूण कर; तेच स्पीकरचं अधिक टोक. आत गेला, तर सेल उलटा धर.

माझी वाट बघू नकोस.

आजी