सरांच्या फेऱ्या

३ नोव्हेंबर
सरांची नदीकाठची आजची फेरीही रिकामी! “संपली गं पाणमांजरं,” म्हणाले. बूट काढता काढता, अगदी सहज. नोंदींचा आलेख दरवर्षी खालीच येतोय. महिनाअखेर बैठक — प्राणी उरले नाहीत असं ठरलं, की वाळूउपशावरची बंदी उठणार. मला यंदा ठसे मिळाले, तर वनखात्याचे साहेब म्हणतात, चुकून एखाददुसरं उरलं असेल.
पटत नाही. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. एका फेरीत दिसण्याची शक्यता किती, ते आधी काढणार.

७ नोव्हेंबर
पाऊस, पाण्याची पातळी, वेळ — सगळं घालून पाहिलं. गणित ढिम्म हलत नाही. आई म्हणते, एवढं ताणून धरू नकोस. धरणार.

१० नोव्हेंबर
कुठली फेरी कोणी केली, तेही आज गणितात घातलं.
पूर्वी सरांना एका फेरीत विष्ठा दिसली, की पुढच्या फेरीत तिथेच पुन्हा दिसायची. नंतर नंतर तोच काठ, तोच आठवडा — एकदा दिसते, मग नाही, मग पुन्हा दिसते. जनावर काही आठवड्यात तीनदा घर बदलत नाही. घटत गेली ती पाणमांजरं नव्हेत. सरांची नजर.

११ नोव्हेंबर
ज्यांनी मला ठसा ओळखायला शिकवलं, त्यांना हे सांगायचं कसं?

१४ नोव्हेंबर
सरांबरोबर गेले. खडकावर ताजी विष्ठा, माशाचे काटे चमकत होते. सर ओलांडून पुढे गेले. मग थांबले.
“होतं ना काही?”
“हो, सर.”
घरी कळलं तर पुन्हा नदीवर पाठवणार नाहीत, सर म्हणाले. डोळे अधू झालेत हे काही वर्षं सगळ्यांपासून लपवलंय. मी म्हटलं, लिहावं तर लागेलच, पण तुमचं नाव घालणार नाही.
“जुन्या फेऱ्या सगळ्या माझ्याच. नाव कशाला घालायला हवं?”
परत येताना सरांनी मला हात धरू दिला नाही.

२३ नोव्हेंबर
अहवाल पूर्ण. एकही आकडा सौम्य केला नाही. सर फोन उचलत नाहीत.

२९ नोव्हेंबर
बैठक. मी उठायच्या आत मागच्या खुर्चीतून सर उठले. म्हणाले, “पाणमांजरं होती तेवढीच आहेत. मलाच दिसेनासं झालंय.”
बंदी कायम.