मातीच्या बैलाची मान

बाई, त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे कोठा झाडून घेतला, कोपऱ्यातली माती ओली केली आणि तिच्यात पिंजलेल्या कापसाचे पुंजके घालून मळायला बसले. आमची काळी माती नुसती घेतली तर सुकताना तडकते आणि मुलाच्या हातचं काम दोन तुकडे होऊन पडतं, म्हणून कापूस घालायचा, हे आपण दोघी कितीतरी चिमण्या आणि चुली फुटल्यावर शिकलो होतो. मग चिंचोके एका टोपलीत, सीताफळाच्या बिया दुसरीत ओतल्या, गेरू भिजत घातला, माठ भरला. तुम्ही दारात उभ्या राहून रस्त्याकडे पाहत होता. पोळा झाला होता, दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा तान्हा पोळाही झाला होता, सुट्टी संपली होती. ऊन ओसरीवर चढलं तरी एकही मूल आलं नाही.

तुम्ही पुण्याकडच्या. जामच्या फाट्यापासून आत असलेल्या आमच्या गावात तुम्ही वर्ध्याच्या संस्थेकडून बालवाडी काढायला आलात, तेव्हा लोकांना वाटलं, आता पोरं पाटी घेऊन बसतील आणि अक्षरं घोकतील. तुम्ही त्यांना माती दिली, बिया दिल्या, कडब्याची धांडं दिली. जागा म्हणून मिळाला होता गावातल्या पंचांचा जुना कोठा, बैल नव्या गोठ्यात गेल्यावर रिकामा पडलेला. मी तिथे झाडायला आले. नवरा गेल्यावर मला कुठेतरी बसायला जागा हवी होती, आणि घरात मी ज्या कोपऱ्यात बसायची तिथून भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. वाचायला मी आपलीआपणच शिकले होते, किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून. ते तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही शाबासकी दिली नाहीत. म्हणालात, "मग झाडू ठेव थोडा वेळ आणि मुलांजवळ बस." त्या एका वाक्याने माझी जागा बदलली. म्हणून त्या सकाळी रिकामा कोठा पाहून तुमच्यापेक्षा मलाच जास्त धडकी भरली होती. बालवाडी मोडली असती तर तुम्ही दुसऱ्या गावी गेला असता. मी परत त्या कोपऱ्यात.

तुम्ही विचारलंत, "का गं आली नाहीत मुलं?" मला कारण ठाऊक होतं, विहिरीवर ऐकलं होतं. पोळ्याच्या दिवशी मी कोठ्यात नव्हते. सजवलेल्या बैलांसमोर विधवा बाईने जाऊ नये असं आमच्याकडे मानतात. तुम्हाला ते पटत नसे, पण मी घरीच राहिले होते. संध्याकाळी तोरण तुटून पोळा फुटल्यावर लोक बैल घेऊन घरोघर निघाले आणि जाता जाता मुलांचं काम पाहायला कोठ्याशी थांबले. तुम्ही ओसरीवर मुलांचे मातीचे बैल आणि धांड्यांच्या गाड्या मांडल्या होत्या. एकेका गाडीला दोन दोन बैल जुंपलेले, मानेवर सालपटांचं जू. पंचांची आई, जिला सारं गाव मोठीमाय म्हणतं, ती दारात थांबली आणि म्हणाली, "बाई, आजच्या दिवस तरी सोडा ना त्याइले." तुम्हाला ते कळलं नाही. तुम्ही हसून म्हणालात, "छान केलंय ना मुलांनी?" ती पाठ फिरवून निघून गेली, तिच्यामागून बाकीचे, आणि पोरं कोठ्यात पाठवायची नाहीत असं ठरलं.

मी तुम्हाला सांगितलं, "बाई, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षभर ओढतो तो, तेवढा एक दिवस त्याचा. हे इथे दूध पिणाऱ्या लेकरालाही माहीत असतं." तुम्ही पटकन म्हणालात, "मग मुलांनी का जुंपले?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तुमचा चेहराच उतरला. मला अजून दिसतो तो. तुम्ही खाली बसलात. म्हणालात, "मुलांनी नाही जुंपले. त्यांनी बैल वेगळे ठेवले होते आणि गाड्या वेगळ्या. दोघांतिघांनी तर बैल बसवलेच होते, पाय दुमडून. मला वाटलं, अर्धवट राहिलंय. मुलं घरी गेल्यावर मी ते जोडून दिलं."

बाई, तुम्ही मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावली होती, की मुलाच्या कामाला आपला हात लावायचा नाही. एकदा मी एका पोरीच्या चिमणीला चोच काढून दिली, तर तुम्ही तिच्यासमोर मला म्हणालात, "ती चिमणी आता तुझी झाली. तिला दुसरी माती दे." मला फार लागलं होतं. इतकं लागलं होतं की त्या सकाळी तुमची चूक ऐकून मला थोडं बरं वाटलं असेल असं कोणालाही वाटेल, पण तसं झालं नाही. मी घाबरले. तुम्हीच खाली बसलात तर कोठा कोण उघडणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही फार वेळ बसला नाहीत. उठून एकेका बैलाच्या मानेवरचं जू काढलंत, बैल सुपात ठेवलेत आणि म्हणालात, "चल." आपण मोठीमायच्या अंगणात गेलो. ती पायलीभर तूर निवडत होती. तुम्ही सूप तिच्यापुढे ठेवून म्हणालात, "मोठीमाय, पोरांनी बैल मोकळेच ठेवले होते. जुंपले मी. मला रीत माहीत नव्हती, आणि पोरांना विचारायचं मला सुचलं नाही."

मोठीमायने एक बैल उचलून उजेडाकडे धरला. "हा माह्या नातवाचा. शिंग वाकडं हाय, आमच्या पवळ्यासारखं." मग तिने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सुनेला हाक मारली, "अवं, हळद आन् लोणी आण वाटीत." सून हसली, "मातीच्या बैलाले?" मोठीमाय म्हणाली, "मातीचा झाला म्हनून काय त्याची मान दुखत नाई? या बाईनं पोळ्याच्या दिवशी जुंपला ना त्याले!" आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे खांदे जसे शेकतात तसं तिने एकेका बैलाच्या खांद्याला बोटाने हळद-लोणी लावलं. तिच्या अंगणात बघता बघता पोरं जमली. "मोठीमाय, माह्या बैलाले लाव!" "पयले माह्या!" मागून पंच आले. म्हणाले, "माय, हे सारं ठीक हाय, पन पोरं अक्षरं कदी शिकतीन? माती तं घरीबी हाय. कोठा मले कापसाले लागते." मोठीमायने मान वर न करता सांगितलं, "तू शिकला ना अक्षरं? तुह्या बैलाचा खांदा सुजला तं तुले कोनी सांगा लागते. हे पोट्टे पाहून राह्यले. राहू दे कोठा." आणि तुमच्याकडे वळून, "बाई, रीत माहीत नसन तं विचारत जाजो. आमी काय खातो का?"

तुम्ही हसलात. मी आमच्या गावात तुम्हाला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. दुपारपर्यंत कोठा भरला होता आणि मांडणी मुलं करत होती. एकाने गाडी उलटी करून ठेवली. का, तर चाकाला वंगण लावायचंय. तुम्ही हात मागे बांधून उभ्या होता. मी पाहिलं, तुम्हाला ते कठीण जात होतं.

पुढे वर्ध्याला बालवाडीच्या बायकांची बैठक होती. सगळ्या आपापल्या गावचं सामान घेऊन आल्या होत्या. कोणी बांबूच्या कांड्यांची माळ, कोणी चिंध्यांच्या बाहुल्या, एकीने नुसते नदीतले गोटे आणले होते, पण ते रंगाप्रमाणे असे लावले होते की हात लावावासा वाटेना. मी टोपली धरून तुमच्यामागे बसले. बाकीच्या आपापलं काय चांगलं जमलं ते सांगत होत्या. तुम्ही उभ्या राहिलात आणि पोळ्याची गोष्ट सांगितलीत, सगळी, तुमच्या हाताने काय केलं त्यासकट. शेवटी म्हणालात, "सामान गावात मिळतं. ते कसं वापरायचं हेही गावातच विचारावं लागतं." एक बाई म्हणाली, "आमच्याकडेही असंच झालं होतं, पण मी सांगितलं नव्हतं," आणि मग एकीमागून एक बोलायला लागल्या. परतताना मोटारीत तुम्ही मला म्हणालात, "पुढच्या वेळी तू बोल." मी म्हणाले, "मी काय बोलणार? माझी कुठली परीक्षा झालीय?" तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "माझ्या परीक्षेत पोळा नव्हता." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

त्या उन्हाळ्यात तुम्हाला ताप आला आणि तो उतरलाच नाही. तुमचे भाऊ पुण्याहून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चार दिवसांनी पंच कोठ्याशी आले. वाईट माणूस नव्हे तो. डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "बाई गेल्या. आता कोठा मोकळा करून द्या. वर्ध्याहून दुसरी बाई पाठवतीन तं पाहू, नाई पाठवतीन तं कापूस ठेवतो." मी विचारलं, "तिथली बैठक कधी आहे?" ते म्हणाले, "उद्या. मले चिठ्ठी आली हाय, बालवाडी बंद करा म्हनून कळवाचं का, असं विचारून राह्यले." मी म्हणाले, "कळवू नका. मी जाते." "तू? तुले तिथं कोन वळखते?" मी म्हणाले, "सामान ओळखतात."

बाई, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा गावातल्या बायका रडल्या, मी रडले नाही. त्यांना वाटलं, ही नवऱ्याच्या वेळीच रडून संपली. खरं तर मला तुमचा राग आला होता. मला झाडूपासून उठवून मुलांजवळ बसवलंत, आणि पुढचं न सांगता निघून गेलात. तो राग किती दिवस होता ते आठवत नाही. मला वाटतं, बैठकीच्या आदल्या रात्री मी जागी राहिले ती त्याच रागाने. दुःखाने मी उठले नसते.

दुसऱ्या दिवशी मी सामानाची टोपली घेऊन जामच्या फाट्यावरून पहिली मोटार धरून वर्ध्याला गेले, पुढच्या रांगेत बसले, आणि आमच्या गावचं नाव पुकारलं तेव्हा उभी राहून सांगितलं की तिथली बालवाडी मी चालवते.