कानात सांगायचं नाव

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ८ डिसेंबर १९७६

तीर्थस्वरूप अण्णांस,

शिवबाईचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. सहामाहीचे पेपर तपासून झाले. मंगळवेढ्याला ज्वारी पोटरीत आली असेल. सुंदरम्मा वहिनीला अळीव देताय ना? बाळी कुणावर गेलीय ते तुम्ही लिहिलं नाही.

तुमचं पत्र मिळालं. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणं बंद कर, आणि बारशाला येऊन बाळीच्या कानात 'नीलव्वा' सांग, असं तुम्ही लिहिलंय. अण्णा, मी डॉक्टर सोडणार नाही, आणि ते नावही सांगणार नाही.

मी वेडी नाही. तुमची लेक नीलव्वा तापाने गेली आणि माझ्या घशाखाली घास उतरेनासा झाला. घशाच्या डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं, काही सापडलं नाही. त्यांनीच मला गाडेकर डॉक्टरांकडे धाडलं. तिथे शॉक नाही की गुंगीचं औषध नाही. पूर्वी म्हणे रोग्याला आडवं निजवून डॉक्टर पाठीमागे बसायचे, आणि ते वर्षानुवर्षं चालायचं. हे समोर खुर्चीत बसतात. काही महिन्यांत संपवायचं, हे पहिल्याच भेटीत ठरलं. मी घरचं बोलते, आणि मी त्यांच्याशी कशी वागते त्यावरही आम्ही बोलतो.

मी दर खेपेला त्यांच्यासाठी कडक भाकरी बांधून न्यायची. ते म्हणतील त्याला मान डोलवायची. एकदा ते म्हणाले, "बाई, समोरच्याला काय हवंय ते ओळखून तुम्ही तशा होता. हे कुणासाठी शिकलात?"

मी भाकरीचं गाठोडं परत उचललं. मी म्हणाले, "मला यायचंच न्हाय तुमच्याकडं." एवढी शिकलेली मास्तरीण, पण रागात अव्वाचीच बोली आली.

"रागवा की," ते म्हणाले. "मी इथंच बसलोय."

मग माझ्या तोंडून निघालं, मला शेंगेची पोळी आवडत नाही. कधीच आवडली नाही.

तुम्ही हसाल. पण दर संक्रांतीला अव्वा माझ्या ताटात जास्तीची वाढायची. "खा, तुला लई आवडती की." आवडायची ती अव्वाच्या आधीच्या लेकीला, पहिल्या शिवबाईला. घटसर्पाने घसा बंद होऊन ती गेली, मग मी झाले, आणि आत्याने तेच नाव माझ्या कानात सांगितलं. अव्वा गल्लीभर सांगत सुटली, "आमची शिवबाई म्हागारी आली." मी तिचे परकर घातले. मी डाव्या हातात पेन्सिल धरली की अव्वा म्हणायची, "आधी तर उजव्यानं लिवत हुतीस." आधी मी नव्हतेच, अण्णा. आणि त्या पोरीसाठी घरात कुणी धड रडलंही नाही. परत आलेल्या पोरीसाठी कोण रडतं?

नीलव्वाविषयी लिहायचं मी मघापासून टाळतेय. सुट्टीला माझ्याकडे आली की ती माझे खडू पळवायची आणि दारावर वेडीवाकडी फुलं काढायची. एक फूल अजून कडीपाशी आहे, ते मी पुसणार नाही. तिच्या मातीच्या दिवशी मला रडायचं होतं. अव्वाने माझा हात धरला, "रडू नगं, नीलव्वा यील परत." तेव्हाच माझा घसा आवळला.

ती येणार नाही, अण्णा. आता आलीय ती दुसरी मुलगी आहे. तिला काय आवडतं ते अजून तिलाच ठाऊक नाही.

हल्ली मला घास उतरतो. डॉक्टरांकडे मी ठरल्या दिवसापर्यंत जाणार. बारशालाही येणार. तुम्ही आणि वहिनी मिळून कुठलंही नवं नाव ठरवा, मी आनंदाने कानात सांगेन. तेच जुनं नाव हवं असेल तर आत्या दुसरीकडून आणा. अव्वाला हे पत्र वाचून दाखवा, काही गाळू नका. ती रडली तर गप्प करू नका.

आणि माझं एक मागणं आहे. तुम्ही पहिल्या शिवबाईला खेळवलंय. मी आले की ती कशी होती ते मला सांगा. तिची ओळख मला अजून कुणी करून दिलेली नाही.

तुमची दुसरी बहीण,
शिवबाई