रुद्रेशच्या इंजिनातलं उरलेलं पाणी

१२ जानेवारी २०२६

वकील अनुजाताई, मसुदा मागून मागून तुम्ही थकलात. इतके महिने गप्प राहिले, क्षमा असावी. एका कलमापाशी अडले होते.

मी, संयोगिता रुद्रेश पट्टणशेट्टी, वय ४६, राहणार शाहूपुरी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. माझे पती काही न लिहिता अचानक गेले. तो घोळ माझ्यामागे नको.

१. फ्लॅट नणंद दानेश्वरीला. सासूबाई गंगव्वा गाव सोडणार नाहीत, तरी त्यातली एक खोली हयातभर त्यांची.

२. उद्यमनगरातलं वर्कशॉप, लेथ आणि चाचणीची टाकी आमचा इंजिनिअर यशराज याला. टाकी मूळची दुधाची, वारणानगरहून भंगारात आणलेली. हवा काढून टाकून आम्ही तिच्यात छोट्या उपग्रहांची इंजिनं चालवून बघतो. आधीची टाकी हवा काढताच चेपली. हिला रुद्रेशने बाहेरून पट्ट्या मारल्या. वेल्डिंग वाकडं आहे. ते घासू नये.

३. शेजारचे विजयसिंह म्हणाले होते, "रुद्रेशराव, उपग्रह सोडताय व्हय? आधी माझा पंप तरी चालवून दावा की!" पंप अजून आमच्याकडेच आहे. तो दुरुस्त करून परत द्यावा. बोलणं विसरलेले नाही. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात; पण पंप मुळात त्यांचाच, म्हणून त्यांच्या साक्षीला हरकत नसावी, तुम्ही खात्री करावी.

४. वर फिरणारा आमचा उपग्रह. त्याचं इंजिन पाण्यावर चालतं: पाणी तापवून वाफ नोझलमधून सोडायची. पाणी अव्वांच्या, म्हणजे सासूबाईंच्या विहिरीचं, त्यांच्याच हट्टापायी. शुद्ध करून भरलेलं. काम संपलं की शेवटच्या पाण्यावर उपग्रह खाली आणायचा, म्हणजे तो हवेत जळतो, वर कचरा उरत नाही. हा नियम रुद्रेशचाच. काम संपलं आहे. खाली येण्याची आज्ञा मी पाठवलेली नाही. नोझल त्याच्या हातची आहे, आणि गच्चीवरच्या अँटेनाला रोज तिकडचा सिग्नल येतो. बॅटरी थकत चालली. लवकरच उपग्रह काहीच ऐकणार नाही. मी जपते आहे की त्याचा शब्द मोडते आहे, ठरत नव्हतं. म्हणून निर्णय यशराजवर सोपवते.

काल फोनवर हे अव्वांना वाचून दाखवलं.

"माझ्या हिरीचं पाणी वर काय शिळं करायला ठेवलंयस व्हय? त्या पोराच्या गळ्यात घालू नगंस. तूच सोड की."

त्या रडत होत्या का, कळलं नाही.

कलम चार रद्द.

साक्षीदार: विजयसिंह इंगवले, मोना शिरगुप्पे
सही: संयोगिता पट्टणशेट्टी
कोल्हापूर

उद्या: उपग्रह वरून जाताना शेवटचं पाणी सोडण्याची आज्ञा पाठवणे.