चमकीवरचा दात

माय,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, आणि नंतर पाठवायचं तरी कुठं? पण परवा तुझ्या नातीनं, रेवानं, नाक टोचून घेतलं आणि तिला तुझीच चमकी हवीय. सोनार म्हणाला, पॉलिश करून नवीकोरी करून देतो. मी ती तशीच खिशात घालून परत आणली.

खरं सांगू? ही चमकी तुझीच आहे याची मला कधी खात्रीच नव्हती. भूकंपानंतर मावशीनं ती माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "तुझ्या दाताचा खड्डा हाय हिच्यात. तिचीच हाय." तू तोंड धुवायला काढून ठेवलेली चमकी मी रांगत जाऊन चावली होती, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पण नुसत्या डोळ्यांनी तो खड्डा मला कधी नीट दिसला नाही, आणि गावातल्या सगळ्या बायकांच्या चमक्या एकाच सोनाराच्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान पोकळ मणी. मातीतून किती जणींच्या निघाल्या असतील! माझी समजूत काढायला मावशीनं कुणाचीतरी दिली असेल, असं वाटत राहिलं. तिला विचारायचा धीर झाला नाही, आणि आता तीही नाही.

तुझा एक फोटोसुद्धा नाही गं. काढायचा म्हटलं की तू चुलीकडं तोंड फिरवायचीस. इतकं काय लाजायचं?

आणि त्या वेळी मला थांबू का दिलं नाहीस? बारावीचे क्लास चालू होते, मी गणपतीला म्हणून लातूरहून आलो होतो. विसर्जन बघून जातो म्हणालो, तर तू पिशवीत धपाटे भरून मोकळी. "इसर्जन दरसाली येतंय. किलास बुडवू नगं, जा." विसर्जनाच्याच रात्री भूकंप झाला. मी गेलो, म्हणून वाचलो. याचा राग कुणावर काढू, सांग!

त्याच लातुरात आता मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आज दुपारी मुलं गेल्यावर चमकी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि वर कॅमेरा लावला. चकचकीत गोल वस्तूचा फोटो म्हणजे नुसता वैताग, माय. तिच्यात सगळी खोली उमटते. पहिल्या फोटोत सोनं दिसेचना. दिवा, भिंगाचं काळं वर्तुळ आणि कडेला वाकलेलं माझं डोकं. मग टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापला, वर भोक पाडलं आणि चमकीवर पालथा घातला. उजेड मऊ झाला. दिवा गेला, मीही गेलो, आणि सोनं दिसलं. त्यात एक खड्डा. शेजारी अजून एक, जरा लहान. माझे दुधाचे दात.

मी तिथंच बसून रडलो. मावशी खरं बोलली होती. म्हणजे चमकी तुझ्याच नाकातून काढलेली. शंका होती तोवर तू कुठंतरी असशील, असंही वाटायचं का गं मला? आज तेही संपलं.

चमकीला पॉलिश लावू देणार नाही, माय. रेवा ती खड्ड्यांसकट घालेल. आणि तो पहिला, बिघडलेला फोटोही मी पुसणार नाही. तुझ्या चमकीत माझं एवढंसं डोकं आहे त्यात. आपल्या दोघांचा तेवढाच तर फोटो आहे.

तुझा,
बाळू